राजकन्येचा पाय कुणी सरळ केला?

एका लेखिकेने माझ्या भाचीला फसवलं आणि माझ्या भाचीने मला फसवलं. भाचीचं प्रकरण मिटलं आहे. लेखिकेचं मिटलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मला फसवणं सोपं नाही, हे आधी सांगते. हैदराबादच्या सुलतान बाजारात माझं साड्यांचं दुकान आहे आणि ते मला कुणी वारशात दिलेलं नाही. नल्लकुंट्याच्या घरात परकर शिवण्यापासून मी सुरुवात केली, तीही हाताने फिरवायच्या मशीनवर, कारण पायाचं मशीन मला चालवता येत नव्हतं. लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय वाळला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावते. त्याला गुडघ्यापाशी खटका असतो. उभं राहिलं की खटका पडतो, पाय ताठ होतो आणि मग चालता येतं. बसायचं असलं की साडीवरूनच हात घालून तो खटका वर ओढायचा, तेव्हा गुडघा वाकतो. पडताना आणि ओढतानाही तो खट्ट वाजतो. शांत खोलीत चांगला ऐकू येतो.

त्या आवाजासाठी आमच्या घरात एक रीत पडली होती. मी आधी बसायचं. पाहुणे यायच्या आधी मी खुर्चीत, पाय साडीखाली. पाहुणे उठून गेले की मग मी उठायचं. ही रीत आईने घातली. मला बघायला आलेल्या एका मंडळींना माझं बोलणं फार आवडलं होतं, मुलाच्या वडिलांनी तर हसत हसत होकारच दिल्यासारखं केलं, आणि मग मी पाया पडायला उठले. खट्ट झालं. पोह्यांच्या बशा तशाच ठेवून ते गेले. त्यानंतर आई म्हणायची, "तू आधी बसून घेत जा गं." रागाने नाही, काळजीनेच. आई गेल्यावर तेच वाक्य माझ्या थोरल्या बहिणीकडे आलं.

दुकानातही मी हीच रीत चालवली. आमच्याकडे गादीवर बसून विकायची पद्धत. शटर उघडताच मी गादीवर जाऊन बसायचे आणि शटर पडेपर्यंत तिथेच. साड्या काढून द्यायला दोघी बायका होत्या. गादीवरून मी कुणाला हार गेलेली नाही. कुणी "कोंचम तग्गिंचंडी अम्मा, थोडं कमी करा" म्हणून मागे लागलं की मी साडीची घडी घालायला लागायचे आणि तीच बाई घाबरून पर्स उघडायची. वर्षानुवर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांनी मला उभी बघितली नव्हती. आणि मी मोठ्या ऐटीत समजत होते की हे माझं चातुर्य.

तर डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाजाराच्या धुळीत काही आठवडे जायचं नाही. माझ्या बहिणीची मुलगी, माझी एकुलती एक भाची, डोळ्यात थेंब घालायला माझ्याकडे राहायला आली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करते. तिचं लग्न ठरलेलं होतं, मुलगा पुण्याचा, इथेच नोकरीला. महिन्याभरावर साखरपुडा होता.

काळा चष्मा लावून दिवसभर बसणं म्हणजे काय, ते माझ्यासारख्या बाईला विचारा. टीव्ही नको, वाचन नको. दुकानात फोन करून मी त्या दोघी बायकांवर इतकी खेकसले की त्यांनी फोन उचलणं सोडलं. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, मी वाचून दाखवू का काही?"

तिने घरातला एक दिवाळी अंक काढला. तिची मराठी बोलायला फर्डी, पण शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू. एकेक अक्षर जोडत ती अशी वाचायला लागली की मला वाटलं, हिच्या वाक्याला शेवट येईपर्यंत माझा दुसरा डोळा जाईल.

"ठेव तो," मी म्हटलं. "तू स्वतः काय वाचत असतेस गं, एवढी तोंडात बोट घालून?"

"ते इंग्लिश आहे. फँटसी. राजकन्या, दरबार, कारस्थानं, लव्हस्टोरी. तुला नाही आवडणार."

"मला काय आवडतं ते तू नको ठरवू. मराठीत सांग."

ती पुस्तक समोर धरून मराठीत सांगायला लागली. मराठीत म्हणजे आपल्या हैदराबादच्या मराठीत. त्या दरबारातले सरदार "हौ महाराज" म्हणायचे आणि पहारेकरी "अंदर नक्को जाऊ" म्हणून दरडावायचे. एकदा ती अडली. "तो दुसऱ्या राजाचा माणूस असतो ना, बोलणी करायला येतो..."

"वकील."

"कोर्टातला?"

"पूर्वी त्यालाच वकील म्हणायचे. पुढे चल."

गोष्ट अशी. एका राज्यात राजा मेलेला आणि गादीची वारस एक राजकन्या, जिचा एक पाय लहानपणापासून अधू. तिचा काका कारभार बघतो. दरबार भरायच्या आधीच तो तिला पालखीतून आणून सिंहासनावर बसवतो आणि सगळे गेल्यावर पालखीतून परत नेतो. प्रजेने तिला कधी चालताना पाहिलेलं नाही.

मी काळा चष्मा काढला.

"चष्मा लाव, मावशी!"

"परत वाच ते."

"कुठलं?"

"आधी बसवतात ते."

तिने परत वाचलं. हे मात्र पुस्तकात खरंच आहे, मी नंतर विचारून खात्री करून घेतली. त्या दुपारपासून मी त्या राजकन्येची झाले.

मी काही भाबडेपणाने ऐकलं नाही. तिची तहाची बोलणी ऐकताना माझं डोकं तापायचं. शेजारच्या राज्याचा वकील नदीचा घाट मागतो आणि ही लगेच निम्मा देऊन मोकळी! "अगं, आधी नाही म्हण की! उठायचं नाटक कर!" मी ओरडायचे. भाची म्हणायची, "मावशी, तिला उठता येत नाही, तीच तर गोष्ट आहे." मग आम्ही दोघी हसायचो.

तो वकील पुढे तिच्या प्रेमात पडतो. मला पहिल्यांदा तो लबाड वाटला, कारण तो फार कमी बोलायचा, आणि कमी बोलणारं गिऱ्हाईक महागात पडतं. पण एका प्रसंगी ती बागेतून चालते, तो सोबत असतो, आणि त्याची चाल कधी हळू झाली ते त्याचं त्यालाच कळत नाही. तो हात पुढे करत नाही. ती मागेल तेव्हाच देतो. असा माणूस माझ्या वाट्याला आला नाही. त्या दुपारी मात्र तो माझ्या खोलीत होता, आणि त्याचे मी उपकार मानते.

सगळ्यांत मला थक्क केलं ते लेखिकेच्या माहितीने. राजकन्येच्या पायाला लोहाराने घडवलेल्या पट्ट्या असतात, गुडघ्याशी खटका असतो. जिना चढताना ती आधी चांगला पाय टाकते आणि उतरताना आधी अधू पाय. बसायच्या आधी घागऱ्याच्या चुण्यांत हात घालून खटका ओढते, तेव्हा समोरच्याला वाटतं ती घागरा सावरते आहे. पावसाळी हवेत पट्ट्यांखालची कातडी सोलते, म्हणून दासी तिथे मऊ जुनं सुती कापड गुंडाळते. मी म्हटलं, "या बाईला स्वतःला पोलिओ झालेला असणार. नाहीतर हे कुणाला कळतं?"

भाची म्हणाली, "असेल." आणि पान उलटलं.

साखरपुडा जवळ आला तशी बहीण घरी आली. हॉल नामपल्लीकडचा, जेवण साधंच, माणसं मोजकी, असं सगळं सांगून झाल्यावर जाता जाता म्हणाली, "तू जरा लवकर ये. त्यांच्या आधी. पहिल्या ओळीत कडेची खुर्ची तुझ्यासाठी ठेवते."

"आधी बसून घेऊ?"

"तसं नाही गं. पुण्याची माणसं, अजून नवी आहेत. उगीच कुणाच्या डोक्यात यायचं, यांच्या रक्तात आहे की काय."

"पोलिओ रक्तात असतो?"

"मला माहीत आहे. त्यांना माहीत आहे का?"

मी भांडले. मला भांडायला येतं. पण बहीण दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांत तीच भीती होती, जी आईच्या डोळ्यांत असायची. त्या दिवशी पोह्यांच्या बशा हिनेच उचलल्या होत्या. माझ्या एका खट्ट आवाजाने हिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तर? "येते लवकर," म्हटलं. भाची आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने शेवटचं प्रकरण काढलं. काकाने दरबारात जाहीर केलेलं असतं की राज्याभिषेक हवा असेल तर वारसाने दारापासून सिंहासनापर्यंत, सगळ्यांसमोर, स्वतःच्या पायांनी चालत यावं. वरून त्याने वाटेवर जाड गालिचे अंथरलेले. जाड गालिच्यात कॅलिपरचा बूट कसा रुततो ते मला विचारा. मी उशी घट्ट धरून बसले होते.

राजकन्या दारात येते. सगळा दरबार बसलेला. वकील उठायला लागतो, ती त्याला नजरेनेच खाली बसवते. आणि पहिलं वाक्य बोलते, "गालिचा गुंडाळा."

नोकर गालिचा गुंडाळतात. खाली उघडा दगड. ती चालायला लागते. दर पावलाला तोल सावरते, दर पावलाला लोखंड वाजतं, आणि ती घाई करत नाही. सिंहासनापाशी पोचल्यावर ती सगळ्यांच्या देखत खटका ओढते आणि बसते.

माझ्या चष्म्याखालून पाणी आलं तशी भाची ओरडली, "डोळा चोळू नको!"

साखरपुड्याला मी उशिरा गेले. मुद्दाम. रिक्षा कोपऱ्यावर थांबवून मी आत माणसं बसेपर्यंत वाट पाहिली, आणि त्या वेळात माघारी फिरायचंही मनात येऊन गेलं. लग्न मोडलं तर बहीण आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही, हे मला ठाऊक होतं. भाचीचं काय होईल, याचा विचार करायची हिंमत नव्हती.

दारात उभी राहिले. खुर्च्यांच्या मधून व्यासपीठापर्यंत लाल गालिचा, कडेला सुरकुत्या पडलेला. सगळी माणसं वळून बघायला लागली. बहीण पहिल्या ओळीतून माझ्याकडे बघत होती, शेजारी माझी रिकामी खुर्ची. मी हॉलच्या माणसाला म्हटलं, "ये गालिचा निकालो."

"क्या अम्मा? फोटो के वास्ते है."

"फोटो बाद में. पहले गालिचा."

मी गादीवरून भाव सांगते त्याच आवाजात बोलले असणार, कारण तो मुकाट्याने गुंडाळायला लागला. खाली फरशी. मी हातातली काठी टेकली आणि निघाले. पंखे चालू होते तरी आवाज येत होता. व्यासपीठावर भाची बसली होती, ती उठली नाही. कुणालाही तिने उठू दिलं नाही. नवरा मुलगा पुढे झाला तसा तिने त्याचा हात धरून त्याला बसवला. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली.

पहिल्या ओळीशी पोचले, साडी सावरल्याचं नाटक न करता खटका ओढला आणि बसले. खट्ट.

मुलाची आजी वाटेपलीकडच्या खुर्चीत होती. ती वाकून म्हणाली, "बरं केलंत हो. मघाशी मीसुद्धा त्या मेल्या गालिच्याला अडखळले, पण सांगायचं कुणाला?" मग माझ्या गुडघ्याकडे बघून, "कुलूप आहे का ते?"

"तसंच."

"पोलिओ?"

"हो."

"माझे दोन्ही गुडघे बदला म्हणतायत डॉक्टर. मी म्हटलं, माझं वय बघा." आणि जराशाने, "नातसुनेची साडी तुमच्या दुकानातली ना? लग्नाच्या सगळ्या तुमच्याकडूनच घेऊ. पण भाव नीट लावायचा हं."

भाव नीट लावायचा! मला इतका आनंद झाला की मी त्या बाईशी तिथल्या तिथे भांडायला लागले. बहीण नंतर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुला लवकर ये म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, "ट्रॅफिक होतं." ती रडत रडत हसली.

त्यानंतर मी दुकानातली माझी गादी काढली. आता उंच खुर्चीवर बसते, उठते, फडताळापर्यंत जाते, साडी स्वतः काढते. जुनी गिऱ्हाइकं पहिल्यांदा गप्प होतात, मग पाय कधीपासून असा ते विचारतात, मग भाव पाडून मागतात. खट्ट वाजलं तरी मागतात. माझी तक्रार नाही.

आणि मग एक दिवस एक कॉलेजची मुलगी आईबरोबर आली. हातात तेच पुस्तक, तेच जांभळं मुखपृष्ठ, मधोमध मुकुट. मी तर जुनी मैत्रीण भेटावी तशी खुलले. म्हटलं, "शेवटचं प्रकरण काय आहे ना! ती गालिचा गुंडाळायला सांगते ते!"

"कुठला गालिचा, आंटी?"

"अगं, दरबारातला. पायात लोखंड घालून चालते ती."

"लोखंड नाहीये, आंटी. तिच्याकडे नुसती चांदीची कुबडी असते. आणि लास्टला ती बरी होते ना. तो दुसऱ्या राजाचा माणूस तिला जादूच्या झऱ्यावर नेतो, ती पाण्यात उतरते, पाय एकदम सरळ. मग पळतच जाते दरबारात. सो रोमँटिक!"

त्या दिवशी तिच्या आईने मागितलेल्या भावात मी साडी देऊन टाकली. माझ्या दुकानात हे त्याआधी घडलेलं नाही.

भाचीला मी घरी बोलावलं. चहासुद्धा विचारला नाही.

"झरा कुठे गेला?"

ती समजली. खाली बघून म्हणाली, "मी पुढचं आधी वाचून ठेवलं होतं, मावशी. तुझ्यासमोर ते वाचायला माझी जीभ वळेना. एवढं सगळं पुस्तकभर तिला आहे तशीच राहू दिली आणि शेवटी..."

"आणि खटका? जिना? सुती कापड?"

"ते तर सगळं तुझंच आहे ना."

मी साडीवरूनच गुडघ्याच्या खटक्यावर हात ठेवला.

"लहानपणी मी तुझ्याकडे असायचे ना सुट्टीत," ती म्हणाली. "मी बघायचे. तू जिना कशी उतरतेस, कापड कसं गुंडाळतेस. त्या लेखिकेने काही लिहिलंच नव्हतं, नुसतं 'ती लंगडत आली'. कशी लंगडत? मला राहवेना. मग मी तू चालतेस तसं तिला चालवलं."

"आणि तुझं लग्न मोडलं असतं तर?"

"त्याला मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं तुझ्याबद्दल. आजीलाही पाय अधू आहे एवढं माहीत होतं. आईला सांगून उपयोग नव्हता, ती घाबरायचंच ठरवून बसली होती. मला फक्त तू चालत यायला हवी होतीस."

माझ्या कातडीला काय लागतं, हे जगात कुणाला माहीत नाही असं मी समजत होते. मी आधी बसायचे, म्हणजे कुणी बघत नाही असं वाटायचं. आणि ही पोर कोपऱ्यात बसून सगळं बघत होती, लक्षात ठेवत होती, आणि वेळ आल्यावर ते सगळं तिने मुकुटासकट मला परत दिलं. तिने मला फसवलं, हे कबूल. इतक्या प्रेमाने मला कुणी काही दिलेलं नाही, हेही कबूल. मग मी चहा टाकला.

राहिल्या तुम्ही, लेखिकाबाई. तुमचेही माझ्यावर उपकार आहेत. पालखी तुमची, वकील तुमचा, त्याची हळू झालेली चाल तुमची. तुम्ही ते पुस्तक लिहिलं नसतं तर माझी भाची कशात काय घालणार होती? ते सगळं मी मानते आणि तुम्ही कधी हैदराबादला आलात तर तुम्हाला दुकानातली सगळ्यांत चांगली साडी नेसवून पाठवीन.

पण त्याआधी माझ्यासमोर उभं राहून सांगा. तिचा पाय कुणी सरळ करायला सांगितला होता? तिने मागितलं नव्हतं. त्या वकिलाने मागितलं नव्हतं, तो तर आधीच तिच्या चालीने चालत होता. काकाला हरवायचं होतं, तर ती तशीच चालत गेली असती तर तो हरला नसता का? माझ्या भाचीला जे दिसलं ते तुम्हाला का दिसलं नाही? कुणाची सोय बघितलीत तुम्ही? तिला झऱ्यात का उतरवलंत? मला इकडचं तिकडचं ऐकायचं नाही, मी धंदा करणारी बाई आहे. माझ्या भाचीला एका इंग्रजी पुस्तकाचा शेवट स्वतः रचावा लागला. का लागला, ते सांगा.